जुन्या मदरबोर्डवर नवा प्रोसेसर चालेल का, हे पैसे मोजण्याआधी कसे तपासावे

सांगलीच्या मार्केट यार्डातील हळद-बेदाण्याच्या अडत दुकानांत, विश्रामबागेतील करसल्लागारांच्या कार्यालयांत आणि मिरजेच्या तपासणी प्रयोगशाळांत आठ-दहा वर्षांपूर्वी घेतलेले डेस्कटॉप आजही रोजच्या कामाला आहेत. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ साठी इंटेलची किमान आठवी पिढी किंवा एएमडीच्या रायझन २००० मालिकेतील बहुतेक किंवा त्यापुढचे प्रोसेसर लागतात. त्यामुळे ‘मदरबोर्ड तोच ठेवून फक्त प्रोसेसर बदलता येईल का’ हा प्रश्न अनेकांपुढे उभा राहिला आहे. काही बोर्डांवर ते सहज जमते, काहींवर मुळीच जमत नाही. पण आपला बोर्ड कोणत्या गटातला आहे हे घरबसल्या आणि एक रुपयाही खर्च न करता निश्चित कळू शकते.

सर्वांत आधी बोर्डाचे नेमके नाव शोधावे. विंडोजच्या शोधचौकटीत ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ लिहिल्यावर उघडणाऱ्या यादीत ‘बेसबोर्ड प्रॉडक्ट’ या ओळीसमोर ते दिसते. तरीही संगणक बंद करून, वायर काढून कॅबिनेटची बाजूची पत्र्याची झडप उघडावी आणि टॉर्चच्या उजेडात बोर्डावर छापलेले नाव स्वतः वाचावे. गिगाबाइटसारख्या कंपन्यांच्या बोर्डांवर एका कोपऱ्यात ‘रेव्ह’ या अक्षरांपुढे आवृत्तीचा क्रमांक बारीक छापलेला असतो, तोही टिपून घ्यावा. कारण एकाच नावाच्या दोन आवृत्त्यांवर चालणारे प्रोसेसर वेगळे असू शकतात.

हे नाव हाती आले की बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलच्या पानावरील ‘सीपीयू सपोर्ट’ची यादी उघडावी. प्रोसेसर त्या यादीत असेल तर घ्यावा, नसेल तर घेऊ नये. दुकानदाराचा शब्द, ओळखीच्याचा अनुभव किंवा ‘सॉकेट तोच आहे, बसेल’ हा तर्क या यादीची जागा घेऊ शकत नाही, असे माझे ठाम मत आहे.

सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवण्याची जागा. सॉकेटच्या तर्कावर का विसंबू नये, हे इंटेलच्या ११५१ सॉकेटवरून स्पष्ट होते. २०१५ मध्ये आलेल्या या सॉकेटवर सहावी आणि सातवी पिढी चालते. २०१७ मध्ये आठवी पिढी आली तेव्हाही पिनांची संख्या ११५१ च राहिली आणि नवा प्रोसेसर जुन्या सॉकेटमध्ये नीट बसतोही. परंतु इंटेलने काही पिनांचे काम बदलले, वीजपुरवठ्याच्या पिना वाढवल्या आणि आठव्या-नवव्या पिढीसाठी ३०० मालिकेचा चिपसेट (बोर्डाचे कामकाज सांभाळणारी मुख्य चिप) आवश्यक ठरवला. त्यामुळे एच ११० किंवा बी २५० या जुन्या चिपसेटचा बोर्ड असलेल्याने आय ३-८१०० आणला, तर तो सॉकेटमध्ये बसेल, पण संगणक सुरू होणार नाही. १२०० सॉकेटवर दहावी आणि अकरावी अशा दोन पिढ्या चालतात, मात्र एच ४१० आणि बी ४६० या चिपसेटवर इंटेलने अकरावी पिढी चालवलेली नाही. ११५५ च्या काळातील एच ६१ बोर्ड अजूनही बरेच वापरात आहेत; मूळ दुसऱ्या पिढीसाठी आलेल्या त्यांपैकी पुष्कळ बोर्डांवर बायोस (संगणक सुरू करणारी, बोर्डावरच साठवलेली प्रणाली) अद्ययावत केल्यावर तिसरी पिढी चालते, पण त्यापुढे वाट नाही. बाजारात अनोळखी नावाने मिळणाऱ्या एच ६१ बोर्डांना तर अनेकदा संकेतस्थळही नसते आणि यादीही नसते; तिथे प्रोसेसर दुकानातच आपल्या बोर्डावर लावून, संगणक सुरू झालेला पाहून मगच पैसे द्यावेत.

एएमडीच्या एएम ४ सॉकेटची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. २०१७ मध्ये पहिल्या रायझनसोबत घेतलेल्या ए ३२० किंवा बी ३५० बोर्डांवरही रायझन ५००० मालिका चालवण्याचा मार्ग २०२२ मध्ये खुला झाला आणि अनेक उत्पादकांनी त्यासाठी नवे बायोस दिले. म्हणजे रायझन ३ १२०० वर काम करणाऱ्या दुकानदाराला तोच बोर्ड, तीच डीडीआर ४ रॅम आणि बहुधा तोच एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) ठेवून रायझन ५ ५६०० बसवता येतो, आणि विंडोज ११ ची प्रोसेसरची अटही पूर्ण होते. जुन्या बोर्डाचे आयुष्य वाढवण्याची याहून चांगली संधी डेस्कटॉपमध्ये क्वचितच मिळाली असेल. पण प्रत्येक रायझन प्रत्येक एएम ४ बोर्डावर चालतो असे समजू नये. बी ५५० बोर्डावर पहिल्या पिढीचा रायझन अधिकृतपणे चालत नाही, आणि काही जुन्या बोर्डांवर नवा बायोस चढवला की बायोसच्या चिपमधील अपुऱ्या जागेमुळे जुन्या प्रोसेसरांचा आधार काढला जातो. एएम ५ वेगळाच सॉकेट आहे; त्याला डीडीआर ५ रॅमच लागते.

यादीत प्रोसेसरच्या नावासमोर बायोसची किमान आवृत्ती दिलेली असते. ही ओळ दुर्लक्षित राहिली की सगळे श्रम वाया जातात. आपल्या बोर्डावरची आवृत्ती जुनी असेल, तर जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस अद्ययावत करावा. नवा लावल्यावर संगणक सुरूच झाला नाही, तर अद्ययावत करणार कशाने? काही नव्या बोर्डांवर प्रोसेसरशिवाय बायोस चढवण्याचे बटण असते, जुन्या स्वस्त बोर्डांवर सहसा नसते. कंपनीच्या पानावरून आपल्याच मॉडेलची आणि आवृत्तीची फाइल घेऊन ती एफएटी ३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर ठेवावी आणि बायोसमधील साधनातूनच चढवावी. पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो, म्हणून चांगली बॅटरी असलेला यूपीएस जोडल्याशिवाय हे काम हाती घेऊ नये. अर्ध्यात वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. बिटलॉकर (विंडोजचे डिस्क कुलूपबंद करणारे साधन) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्यावी आणि टॅलीच्या डेटाची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढावी, कारण बायोस किंवा प्रोसेसर बदलल्यावर विंडोज ती की मागू शकते.

विजेचा भारही पाहावा. आय ५-१२४०० ची मूळ शक्ती ६५ वॅट आणि कमाल ११७ वॅट आहे, तर त्याच सॉकेटच्या आय ९-१२९००के ची कमाल २४१ वॅट. दोघेही यादीत असले, तरी साध्या एच ६१० बोर्डावर दुसरा बसवण्यात शहाणपण नाही. तसेच इंटेलच्या नावाअखेर ‘एफ’ असलेल्या प्रोसेसरांत आणि रायझन ५ ५६०० सारख्या प्रोसेसरांत ग्राफिक्स नसते. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसेल तर बोर्डाच्या एचडीएमआयमधून चित्र येणार नाही. हिशेबाच्या कामाला ५६००जी सारखा ग्राफिक्ससह येणारा प्रोसेसर बरा.

प्रत्यक्ष बदलताना आधी ब्लोअरने धूळ काढावी. हळदीच्या गोदामालगतच्या संगणकात हीटसिंकच्या (प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांमध्ये बारीक पिवळी पूड घट्ट बसलेली असते, ती उघड्या सॉकेटमध्ये पडता कामा नये. एएम ४ वर हीटसिंक आणि प्रोसेसर यांच्यामधली उष्णता वाहून नेणारी जुनी पेस्ट वाळून हीटसिंक प्रोसेसरला चिकटते आणि सरळ ओढल्यास प्रोसेसर पिनांसकट उपसून येतो. म्हणून संगणक थोडा वेळ चालवून पेस्ट कोमट होऊ द्यावी, मग तो बंद करून हीटसिंक डावी-उजवीकडे हलके फिरवत सोडवावा. इंटेलच्या या बोर्डांवर पिना सॉकेटमध्ये असतात, त्यांना बोटही लावू नये. नवी पेस्ट तुरीच्या दाण्याएवढी पुरे. बोर्डावरची सीआर २०३२ बॅटरीही याच वेळी बदलावी.

एच ११० किंवा एच ८१ वाल्यांसाठी माझा सल्ला वेगळा आहे. त्या बोर्डांवरचा सर्वांत ताकदवान प्रोसेसरही विंडोज ११ च्या अधिकृत यादीत येत नाही, त्यामुळे त्यासाठी जुना आय ७ शोधत कोल्हापूर-पुण्याला हेलपाटे घालू नयेत. हार्डडिस्कच्या जागी एसएसडी टाकून लिनक्स वापरावे, किंवा बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम एकत्रच बदलावी. बोर्ड बदलायचा ठरलाच, तर विंडोजचा परवाना सहसा बोर्डाशी बांधलेला असतो हे लक्षात ठेवावे. स्वतंत्र विकत घेतलेला परवाना आधी मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडून ठेवावा. संगणकासोबत आलेला परवाना मात्र नव्या बोर्डावर नेता येत नाही, म्हणून त्याचा खर्च सुरुवातीलाच हिशेबात धरावा.