जीएसच्या पेपरातली कोरी पानं

यूपीएससी मेन्सला, म्हणजे मुख्य परीक्षेला, जीएसच्या (सामान्य अध्ययनाच्या) पहिल्या तीन पेपरांत प्रत्येकी 20 प्रश्न, 250 गुण, तीन तास. म्हणजे प्रश्नाला नऊ मिनिटं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मलाही पाठ होतं. तरी माझ्या पहिल्या मेन्सला जीएस-1 मध्ये पहिल्या पाच उत्तरांतच 70 मिनिटं गेली. प्रस्तावना मनासारखी उतरेना म्हणून खोडून पुन्हा लिहिली. भारताच्या नकाशात किनारपट्टी नीट आली नाही म्हणून शेजारी दुसरा काढला. वेळ संपली तेव्हा 15 गुणांचे चार प्रश्न तसेच राहिले होते. उत्तरपुस्तिकेत प्रत्येक प्रश्नाखाली जागा दिलेली असते. ती कोरी पानं घेऊन पर्यवेक्षक पुढच्या बाकाकडे गेले. 60 गुण होते त्यात.

ही चूक त्या तीन तासांतली नव्हतीच. आधीची दोन वर्षं पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत मी एकच घोकत होते: सिलॅबस एकदा पूर्ण होऊ दे, मग लिहायला घेऊ. सिलॅबस पूर्ण होत नाही. कुणाचाच होत नाही. आधुनिक इतिहासाच्या नोट्स मी तीनदा काढल्या, तिसऱ्यांदा तर फक्त अक्षर आवडलं नाही म्हणून. टेस्टचे पेपर प्रिंट काढून फायलीला लावले, पण घड्याळ लावून एकही सोडवला नाही. याला मी काटेकोरपणा समजत होते. ती भीती होती. न लिहिलेल्या उत्तराला कुणी दहापैकी दोन गुण देऊ शकत नाही ना!

याच भीतीपोटी त्याआधी मी एक प्रीलिमही (पूर्वपरीक्षाही) सोडली होती. ‘अटेम्प्ट वाचवला’ असं सगळ्यांना सांगितलं. पेपरला बसलो नाही तर अटेम्प्ट मोजत नाहीत, हे खरं. वय मात्र मोजतात, दर वर्षीच्या 1 ऑगस्टला. खुल्या गटात सहा अटेम्प्ट आणि 32 वर्षं, यातलं आधी काय संपेल ते कागदावर मांडून बघा. अभ्यासाला लागून तीनच महिने झाले असतील तर गोष्ट वेगळी. वर्षभर अभ्यास करून घरी बसू नका.

एवढं वाचून घाबरायला झालं असेल, तर सांगते, ही सवय मोडते. आज जे वाचलंत त्यावर एक प्रश्न घ्या, मोबाईलवर नऊ मिनिटांचा गजर लावा. गजर वाजला की पेन खाली, वाक्य अर्धं राहिलं तरी. पहिले पंधरा दिवस स्वतःचीच उत्तरं वाचायला नकोशी वाटतील. लिहीत राहा. राज्यसेवेची मुख्य परीक्षाही आता वर्णनात्मक झाली आहे, तेव्हा एमपीएससीवाल्यांनाही हेच सांगेन.

उत्तर त्याच दिवशी कुणाला तरी दाखवा. माझं ठाम मत आहे की त्यासाठी टॉपर शोधू नये. दोन मेन्स देऊनही निवड न झालेल्या माणसाला गुण कुठे गळतात ते नेमकं माहीत असतं. आमच्या अभ्यासिकेतली एक ताई माझ्या सुंदर प्रस्तावनेवर बोट ठेवून विचारायची, “यात प्रश्नाचं उत्तर कुठंय गं?” मला रडू यायचं. पण तिच्याइतकं मला कुठल्याच क्लासनं शिकवलं नाही. आणि झेरॉक्सच्या दुकानातल्या तयार नोट्सचे गठ्ठे आणू नका, लिहिणं पुढं ढकलायला तेवढंच निमित्त मिळतं.

पहिली ओळ खोडायला माझा हात अजूनही जातो. पुढच्या मेन्सला वीसही उत्तरं लिहिली, शेवटची दोन नुसती मुद्द्यांत. भूगोलाच्या प्रश्नात किनारपट्टी पुन्हा वाकडीच आली. मी पान उलटलं.