दमट हंगामातील टेरॅरियम: फर्नच्या तळाचे पाणी आधी काढा

ढगाळ, दमट दिवस सुरू झाले की टेरॅरियममधील, म्हणजे रोपे लावलेल्या बंद काचपात्रातील, उष्णकटिबंधीय फर्न एकामागून एक बसू लागतात आणि त्यातील बहुतेक कीड-रोगाने नव्हे, तर तळाशी साचलेल्या पाण्याने जातात. पात्राला निचऱ्याचे छिद्र नसते, उजेड कमी झाल्याने रोप पाणी कमी ओढते, झाकणामुळे बाष्प बाहेर जात नाही, आणि उन्हाळ्यात लागलेली पाणी घालण्याची सवय मात्र तशीच चालू राहते.

खाली खड्यांचा थर दिला म्हणजे निचरा झाला, या समजाने सर्वाधिक रोपे गेलेली आम्ही पाहिली आहेत. बारीक माध्यमातील, म्हणजे रोप लावलेल्या मातीच्या मिश्रणातील, पाणी जाड खड्यांत सहजासहजी उतरत नाही. ते थराच्या वर, नेमके मुळांशी, धरून राहते, आणि खड्यांतील पाणी माध्यमाला टेकले की उलट वर चढते. त्यामुळे विक्रेते गळ्यात मारतात ते रंगीत खडे आणि ‘टेरॅरियम टॉनिक’ घेण्यापेक्षा तळ बाहेरून दिसेल असे पारदर्शक पात्र घ्यावे.

पाने पिवळी पडून लोंबू लागली की पाणी कमी पडले असे वाटते, आणि तेथेच घात होतो. पाणी घालण्यापूर्वी एक मूळ उकरून पाहावे. फर्नची निरोगी मुळेही काळपट, तारेसारखी असतात, त्यामुळे रंगावर जाऊ नये. चिमटीत धरून ओढल्यावर साल सुटून आत केवळ दोरा उरला, तर मूळ कुजले आहे. झाकण उघडताच नासक्या अंड्यांचा वास आला, तर एवढे तपासण्याचीही गरज नाही. बारीक नळी लावलेल्या सिरिंजने तळाचे पाणी त्याच दिवशी ओढून घ्यावे, कुजलेला भाग कापावा आणि माध्यम वरून सुकेपर्यंत झाकण उघडे ठेवावे. अशा वेळी दुकानातून हमखास कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक, लिटरला १ ग्रॅम, दिले जाते. परंतु साचलेल्या पाण्यात मुळे कुजवणाऱ्या पिथियम या बुरशीसारख्या जीवावर ते चालत नाही, आणि पाणी तसेच राहिले तर कोणतेच औषध चालत नाही.

१८२९ च्या सुमारास लंडनचे डॉक्टर नॅथॅनियल वॉर्ड यांच्या बंद बाटलीत आपोआप उगवलेले फर्न वरून पाणी न घालता काही वर्षे टिकले होते. बंद पात्राला पाणी किती कमी लागते, ते यावरून कळते. काचेवर सकाळी धरलेले दव दुपारपर्यंत विरले, तर पाणी पुरेसे आहे. दिवसभर काच आंधळी राहिली, तर जास्त आहे. पात्र हाताने उचलून वजनाचा अंदाज घेणे हा आमचा अनुभवाचा ठोकताळा असून तो बहुधा चुकत नाही.

इतर कामे:
- तापमान १८ ते २७ अंश सेल्सिअस.
- उजेड भरपूर. थेट ऊन वर्ज्य.
- आडवे वाढणारे खोड माध्यमाच्या वर.
- विद्राव्य खत वाढीच्या काळातच, लेबलवरील मात्रेच्या चौथ्या भागाने.
- गळलेली पाने लगेच बाहेर.

पानामागे ओळीने, ठरावीक अंतरावर तपकिरी ठिपके दिसल्यास फवारणी करू नये. ते बीजाणूंचे, म्हणजे ज्यांपासून नवे फर्न उगवतात त्या सूक्ष्म कणांचे, पुंजके आहेत. खवले कीड शिरेवर, देठावर अस्ताव्यस्त बसते आणि नखाने खरवडली की सुटते. ती तशीच हाताने काढावी, कारण तेलकट व साबणयुक्त द्रावणांनी फर्नची कोवळी पाने करपतात, शिवाय फवाऱ्याचे पाणी शेवटी तळाशीच जाऊन बसते.