नॅरोबोटीवरचे गुलाब आणि किल्ले: पहिलं फूल कसं रंगवावं

इंग्लंडच्या कालव्यांतून माल वाहणाऱ्या नॅरोबोटी जेमतेम ७ फूट रुंद आणि जवळजवळ ७० फूट लांब. कोळशाला जागा भरपूर, माणसांना मात्र मागच्या टोकाला साधारण १० फुटांची एक केबिन. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली, कालव्यावरच्या वाहतुकीचे दर पडले, घरभाडं परवडेना, आणि बोटवाल्यांनी बायकामुलांना बोटीवरच राहायला आणलं. चूल, पलंग, कपाट, सगळा संसार त्या केबिनमध्ये. तिच्या दारांवर, कपाटावर, पाण्याच्या कॅनवर, अगदी बोट ओढणाऱ्या घोड्याच्या चंदीच्या डब्यावरसुद्धा त्यांनी गुलाब आणि किल्ले रंगवून घेतले.

ही कला शिकायला चित्रकला यावी लागत नाही. इथे गुलाब रेखाटून आत रंग भरत नाहीत. एक पाकळी म्हणजे ब्रशचा एक फटकारा. बोटी रंगवणारे कारागीर गोदीतले नोकरदार होते आणि बोट लवकरात लवकर पुन्हा पाण्यात सोडायची असायची, त्यामुळे हात झपझप चालवावा लागे. ज्यांनी रांगोळीची रेघ चिमटीतून सोडली आहे, त्यांना यातलं निम्मं आधीच कळलेलं आहे.

सामान

साधा चकचकीत ऑइल पेंट, म्हणजे एनॅमल, चालतो. लाल, पिवळा, पांढरा, हिरवा, काळा आणि निळा एवढे छोटे डबे पुरतात; गडद तांबडा आणि गुलाबी यांतूनच बनवता येतात. ब्रश मात्र चांगला घ्या: लांब, मऊ केसांचा, टोकदार, गोल, ४ किंवा ६ नंबरचा. आखूड आणि ताठ केसांच्या ब्रशने पाकळी कधीच वळत नाही. शिवाय टर्पेंटाइन, जुनं सुती कापड आणि सरावासाठी एक गुळगुळीत फरशी. खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवा आणि टर्पेंटाइनची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, उन्हावाऱ्यावर पसरून वाळवा. तशी गोळा करून ठेवलेली फडकी आतल्या आत तापून पेट घेऊ शकतात.

आधी फटकारा

पहिले काही दिवस फक्त स्वल्पविराम काढायचे. रंग ताकापेक्षा घट्ट आणि दह्यापेक्षा पातळ करा. ब्रश रंगात बुडवून फरशीच्या कडेला हलकेच निथळा. करंगळी टेकवून हात स्थिर करा, ब्रशचं पोट दाबा म्हणजे फटकाऱ्याचं डोकं गोल उमटेल, मग मनगट वळवत दाब कमी करत जा आणि शेवटी फक्त टोक टेकलेलं असताना उचला. डोकं जाड, शेपटी केसासारखी. उजवीकडे वळणारे वीस, डावीकडे वळणारे वीस. फरशी पुसा, पुन्हा काढा. डावीकडची वळणं मला फार दिवस जमत नव्हती. फरशी तिरकी ठेवण्याऐवजी कोपर अंगापासून थोडं लांब नेलं तेव्हा हात मोकळा झाला.

चुकलेल्या फटकाऱ्यावर दुसरा फटकारा मारू नका. एनॅमल लगेच ओढ धरतं, आणि दुरुस्त केलेली पाकळी लांबूनही ओळखू येते.

गुलाब

पहिल्या दिवशी फक्त पाया. दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा थोड्या मोठ्या चकत्या रंगवा: लाल गुलाबासाठी गडद तांबडी, पिवळ्यासाठी विटकरी, पांढऱ्यासाठी गुलाबी. तीन-चार चकत्यांचा घोस करा, भोवती हिरवी पानं काढा. पान म्हणजे समोरासमोरचे दोन फटकारे, टोकाला मिळालेले. आता रात्रभर वाळू द्या. पाया ओला असताना पाकळ्या काढल्या तर रंग एकमेकांत मिसळतात आणि फुलाचा चिखल होतो.

दुसऱ्या दिवशी चकतीच्या वरच्या भागात आणखी गडद रंगाची एक छोटी कोर काढा; ते फुलाचं पोट. मग उजळ रंग घ्या. कोरीच्या खाली, समोरच्या बाजूला, डावीकडून एक आणि उजवीकडून एक फटकारा असा मारा की दोघांच्या शेपट्या मधे भेटतील, आणि त्यांच्या सांध्यावर मधली तिसरी पाकळी. वाटीची पुढची कड तयार झाली. बाहेरच्या बाजूने दोन्हीकडे दोन-दोन मोठ्या पाकळ्या, वरच्या कडेला तीन लहान. दोन पाकळ्यांच्या मधे पायाचा गडद रंग दिसत राहिला पाहिजे. फुलाला खोली त्या फटीतूनच येते, म्हणून ती भरायचा मोह टाळा. शेवटी पोटात पिवळे ठिपके, आणि पानांवर फिकट पिवळ्या शिरा.

पाकळ्यांचा क्रम आणि वळण गोदीगणिक बदलायचं. ब्राउन्स्टनच्या गोदीतले कारागीर फ्रँक नर्सर आणि स्टोक-ऑन-ट्रेंटमधल्या मिडलपोर्टचे बिल हॉजसन यांचे गुलाब शेजारी ठेवले तर ते दोन वेगळ्या हातांचे आहेत हे नवख्यालाही कळतं. सुरुवातीला एकाच कारागिराची पद्धत धरा.

किल्ला

किल्ल्याला हात गुलाब जमल्यावरच घाला. आकाश वर निळं, क्षितिजाशी लोण्याच्या रंगाचं, आणि दोन्ही रंग ओले असतानाच एकमेकांत पुसून घ्यायचे. वाळलं की निळसर डोंगर, पुढे पाणी, मग किल्ला: फिकट भिंती, लाल टोकदार छपरं, खिडकीला काळा एकेक फटकारा. कमानीचा पूल हवाच. झाडं ब्रश आपटून करा, पाण्यावर दोन-तीन पांढऱ्या रेघा ओढा. हा किल्ला कुठल्या खऱ्या जागेचा नसतो, त्यामुळे फोटो समोर ठेवून तसाच काढण्यात अर्थ नाही.

कॅनवर उतरवताना

कालव्यावरची पाण्याची कॅन जस्ताच्या मुलाम्याच्या पत्र्याची असते. तशी बादली किंवा झारी घेतलीत तर जस्ताच्या पत्र्यासाठी लागणारा प्रायमर दुकानात तसं स्पष्ट सांगून घ्या. मी तो न लावता थेट रंग दिला होता. दोन महिन्यांत एक अख्खा गुलाब पापुद्र्यासारखा निघून हातात आला. प्रायमर, मग गडद हिरव्या किंवा काळ्या रंगाचे दोन हात, मधे बारीक पॉलिश पेपरने घासणं. वर-खाली लाल-पिवळे पट्टे, मधल्या पट्ट्यात फुलं. आतून रंगवू नका. चित्र चांगलं आठवडाभर वाळलं की वॉर्निश.

बोटवाले कॅनच्या पट्ट्यावर बोटीचं किंवा स्वतःचं नाव लिहून घेत. तुम्हाला देवनागरीत लिहायचं असेल तर शिरोरेघ आधी ओढून घ्या. कॅन गोल असल्यामुळे अक्षरं काढता काढता ओळ खाली घसरते. ती रेघ धरून अक्षरं लटकवली की नाव सरळ बसतं.