डोंगराला खेटून सोसायटी आहे? वणव्याची तयारी होळीआधी उरका

येऊरच्या पायथ्याशी, घोडबंदर रोडला किंवा खारघर-बेलापूरच्या डोंगराकडेला राहणाऱ्यांना फेब्रुवारी ते मेमधली रात्रीची ती लाल रेघ ओळखीची असेल. विडीचं थोटूक, पार्टीची चूल, पेटवलेला कचरा. आपल्याकडचे वणवे बहुतेक माणसानेच लावलेले असतात. इमारती आरसीसीच्या असल्याने कॅलिफोर्नियासारख्या वस्त्याच्या वस्त्या जळायची भीती कमी. खरा धोका कंपाउंडच्या मागच्या भिंतीपाशी.

म्हणून सुरुवात तिथूनच. दिवाळीनंतर गवत पिवळं पडू लागलं की कमिटीतल्या दोघांनी भिंतीपलीकडे डोकावून यावं. बऱ्याचदा दिसतं काय, तर आपल्याच माळ्याने वर्षभर टाकलेल्या नारळाच्या झावळ्या, छाटलेल्या फांद्या आणि वर कुणाचं तरी थर्माकोल. जळण आपणच रचून ठेवलेलं! ते आधी उचला. तिथेच काडी लावून मोकळं व्हायचा मोह होतो, पण तसं करू नका. खत करा किंवा महापालिकेच्या गाडीला द्या.

मग आतली बाजू. भिंतीलगतचा पाचोळा झाडून काढा. जनरेटरचं डिझेल, भंगार, पावसाळ्यातल्या ताडपत्र्या तिथून हलवा. झाडांची छाटणी करायची असेल, तर महापालिकेची परवानगी आधी घ्या. पलीकडची जमीन वनखात्याची असेल तर स्वतः कोयता चालवायचा नाही. वनपरिक्षेत्र कार्यालयाला पत्र देऊन जाळरेषा, म्हणजे गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा, मागा. पत्र डिसेंबरातच जाऊ द्या.

वणवा दिसला तर 101 आणि वनखात्याचा 1926 हे नंबर फिरवा. दोन्ही वॉचमनच्या केबिनमध्ये ठळक लिहून ठेवा. नुसतं ‘डोंगर पेटलाय’ म्हणून भागत नाही. कोणत्या गेटच्या मागे, आग चढतेय की खाली उतरतेय, बंब कुठून आत येईल, हे सांगा आणि गेटसमोरच्या गाड्या लगेच काढायला लावा.

व्हिडिओ काढायला वर चढणाऱ्या पोरांना आवरा. चढावर ज्वाळा पुढचं गवत आधीच तापवतात, त्यामुळे आग वर झपाट्याने धावते. तिच्यापुढे पळून जाणं अवघड. घरी खिडक्या लावा, बाल्कनीतले कपडे आत घ्या. दमेकऱ्यांना एन-95 मास्क द्या. ओल्या रुमालाने धुराचे बारीक कण अडत नाहीत.

आग विझली तरी बुंधे आत धुमसत राहतात आणि दुपारचा वारा सुटला की पुन्हा पेट घेतात. निदान पुढचे दोन दिवस मागच्या भिंतीला पाण्याचा पाइप जोडलेला असू द्या, आणि दुपारी एक माणूस तिकडे बसवा.