झाडं आली आणि नद्या बदलल्या? हे लिहिताना या चुका टाळा

जमिनीवरच्या पहिल्या वनस्पतींनी नद्यांचं काय केलं हा विषय हल्ली नोट्समध्ये, प्रेझेंटेशनमध्ये, व्हिडिओत सगळीकडे दिसतो आणि गोष्ट बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते, म्हणजे आधी पृथ्वी उघडीबोडकी, नद्या पसरट आणि वाळूच्या, मग झाडं आली, मुळांनी काठ धरून ठेवले, नद्या नागमोडी वाहायला लागल्या, संपलं. ऐकायला भारी वाटतं. पण यातलं निम्मंच बरोबर आहे आणि उरलेल्यात इतके घोळ आहेत की कुणी जाणकाराने एखादा नेमका प्रश्न टाकला की बोलणाऱ्याची पंचाईत होते. म्हणून कुठे कुठे पाय घसरतो ते एकदा बघून घेऊ.

सगळ्यात आधी मिलियनची भानगड. इंग्रजी लेखातले ४७० मिलियन मराठीत आणताना खुशाल ४७० कोटी लिहिलं जातं, आणि मग पृथ्वीच्याही (वय साधारण ४५४ कोटी वर्षं) आधी वनस्पती उगवतात! मिलियनला दहाने भागा, कोटी मिळतात. ४७० मिलियन म्हणजे ४७ कोटी. एवढं केलं तरी निम्मी टाइमलाइन सुधारते.

"झाडं" म्हणू नका, निदान सुरुवातीला तरी नको

जमिनीवरच्या वनस्पतींचा सगळ्यात जुना पुरावा म्हणजे साधारण ४७ कोटी वर्षांपूर्वीचे बीजाणू, अर्जेंटिनातल्या खडकांत सापडलेले. ते सोडणाऱ्या वनस्पती आजच्या शेवाळवर्गीय मंडळींसारख्या, जमिनीला चिकटून असणाऱ्या होत्या असं मानतात. कुकसोनिया येते ४३ कोटींच्या आसपास, उंची काही सेंटिमीटर, पानं नाहीत, नुसत्या दुभंगत गेलेल्या काड्या आणि टोकाला बीजाणूंच्या पिशव्या. स्कॉटलंडच्या ऱ्हायनी चर्टमध्ये (गारगोटीसारखा कठीण खडक) ४०.७ कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पती पेशींसकट टिकल्यात, त्याही बुटक्याच. खरी मोठी झाडं, म्हणजे न्यूयॉर्क राज्यातल्या गिल्बोआ आणि कैरो इथली जीवाश्म जंगलं, ती ३८.५ कोटींच्या जवळपासची. म्हणजे पहिली वनस्पती आणि पहिलं जंगल यांच्यात आठ-नऊ कोटी वर्षांची गॅप आहे, आणि डायनासोर जाऊनसुद्धा अजून एवढी वर्षं झालेली नाहीत. त्यामुळे स्लाइडवर सिल्युरियन (साधारण ४४ ते ४२ कोटी वर्षांपूर्वीचा काळ) लिहून खाली हिरवंगार कुरण दाखवलं असेल तर ते चित्र काढून टाका, गवताळ प्रदेश तर डायनासोर गेल्यानंतरच पसरले.

ही टाइमलाइन इतकी घासून सांगायचं कारण असं की नद्यांमधला पहिला मोठा बदल जंगलांच्या खूप आधी सुरू होतो. तिथेच पुढची चूक होते.

"आधी चिखल नव्हताच"

हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं. चिखल होता, भरपूर होता. खडक झिजून माती-चिखल बनायला वनस्पतींची मदत होते, पण त्यांच्याशिवायही ते काम चालूच असतं, आणि वनस्पतींच्या आधीच्या काळातले समुद्रात साचलेले शेलचे (चिखलापासून बनलेल्या खडकाचे) जाडजूड थर जगभर आहेत. प्रश्न चिखल बनण्याचा कमी आणि तो थांबण्याचा जास्त आहे, कारण जमिनीवर त्याला अडवणारं फारसं काही नव्हतं, पूर आला की बारीक कण पाण्यात तरंगत थेट समुद्र गाठायचे आणि नदीच्या वाट्याला उरायची ती वाळू आणि गोटे.

यावरचं सगळ्यात जास्त फिरणारं काम म्हणजे विल्यम मॅकमहन आणि नील डेव्हिस यांचा २०१८ चा पेपर. त्यांनी साडेतीनशे कोटी ते तीस कोटी वर्षांपूर्वीपर्यंतची, नद्यांनी साचवलेली अशी माहीत असलेली सगळी ७०४ फॉर्मेशन्स (खडकांचे थरसमूह) घेतली आणि प्रत्येकात चिखलाच्या खडकाचं प्रमाण किती ते पाहिलं. वनस्पतींनंतरच्या गाळात ते प्रमाण सरासरी १.४ ऑर्डर ऑफ मॅग्निट्यूडने जास्त निघालं. आता इथे लोक हमखास "१.४ पट वाढ" असं लिहून मोकळे होतात. ऑर्डर ऑफ मॅग्निट्यूड म्हणजे दहाचा घात, दहाचा १.४ घात केला की येतात सुमारे २५. पंचवीस पट! दीडपट वाढीसाठी एवढा गाजावाजा कोण करेल.

आणि ही वाढ सुरू होते ऑर्डोव्हिशियन (सिल्युरियनच्या आधीचा काळ) आणि सिल्युरियनमध्ये, म्हणजे मुळं नावाची गोष्ट नीट अस्तित्वात यायच्या आधी. मग "मुळांनी माती धरून ठेवली" हे एकटं कारण कसं चालेल? तेव्हाच्या वनस्पतींना जमिनीला धरून ठेवणारे केसांसारखे तंतू होते, खोल मुळं नव्हती. इथे अडकलात तर दोन कारणं हाताशी ठेवा. एक, बुटकी का होईना पण दाट वाढ पुराच्या पाण्याचा वेग तळाशी कमी करते, आणि वेग कमी झाला की बारीक कण खाली बसतात. दुसरं कारण २०२१ मध्ये प्रयोगांतून पुढे आलं. वनस्पतींमुळे पाण्यात येणारे सेंद्रिय पदार्थ चिकणमातीच्या कणांना एकमेकांना चिकटवतात, त्यांचे गुठळे होतात, आणि हे गुठळे सुट्या कणांपेक्षा हजार पटीच्या घरात वेगाने तळाला जातात. त्या लेखकांचं म्हणणं असं की पूरमैदानं (पुराचं पाणी पसरतं ती नदीकाठची सपाट जमीन) चिखलाची होण्यात खोल मुळांपेक्षा हे गुठळे होणं जास्त महत्त्वाचं असू शकतं. "असू शकतं" हा शब्द तुमच्या लेखातही तसाच राहू द्या, वाद अजून मिटलेला नाही.

"वनस्पतींच्या आधी नद्या वळतच नव्हत्या"

जुन्या पुस्तकांतून आलेली ही समजूत आहे आणि ती अगदीच निराधार नव्हती. १९७० च्या दशकात अ‍ॅपलाशियन (अमेरिकेतली डोंगररांग) भागातले खडक अभ्यासताना भूवैज्ञानिक एडवर्ड कॉटरला दिसलं की जुन्या थरांत नद्यांची वाळू पसरट चादरीसारखी आहे आणि वळणाच्या नद्यांच्या खुणा नंतरच्या थरांत वाढतात. पुढे मिनेसोटाच्या प्रयोगशाळेत मिखाल ताल आणि ख्रिस पाओला यांनी कृत्रिम नदी वाहवली, अनेक फाट्यांची, सतत जागा बदलणारी, आणि पाणी कमी असताना तिच्यावर अल्फाल्फाचं (लसूणघासाचं) बी टाकलं, मग पुन्हा मोठं पाणी सोडलं, परत बी, परत पाणी. कोंबांनी उघड्या वाळूवर ठाण मांडलं, फाटे बुजत गेले आणि शेवटी एकच मुख्य प्रवाह उरला (पेपर २००७ चा). बघायला भन्नाट प्रयोग आहे. पण त्यातून सिद्ध काय होतं, तर वनस्पती असं करू शकतात. त्यांच्याशिवाय ते होतच नाही, हे सिद्ध होत नाही.

कारण मंगळावर वळणं घेतलेल्या जुन्या नद्यांचे ठसे आहेत आणि तिथे गवताची काडीही नव्हती. नेवाडाच्या वाळवंटात आजही जवळपास वनस्पतीविना वळत जाणारे प्रवाह आहेत. काठ टिकायला चिकटपणा लागतो, तो चिकणमातीतून येतो, क्षारांतून येतो, गोठलेल्या जमिनीतूनही येतो. आलेसान्द्रो इएल्पी आणि मॅथ्यू लापोत्र यांनी २०२० मध्ये उघड्या आणि झाडोरा असलेल्या नद्यांच्या वळणांची तुलना केली, तर उघड्या नद्यांची वळणं साधारण दहापट वेगाने सरकतात असं निघालं. माझ्या मते सगळ्या विषयाची किल्ली इथे आहे. नदी इतक्या वेगाने पूरमैदान कुरतडत असेल तर चिखल बसला तरी पुढच्या फेरीत तो उचलला जाणार, मागे वाळूवर वाळू उरणार, आणि कोट्यवधी वर्षांनी ते बघणाऱ्याला वाटणार की इथे वळणं नव्हतीच.

म्हणून वाक्य कसं लिहायचं, तर वनस्पतींनी काठ पक्के केले, वळणं सरकण्याचा वेग खाली आणला, आणि वळणाच्या आतल्या बाजूचे वाळू-चिखलाचे तिरपे थर टिकायला लागले, जे सिल्युरियनच्या शेवटापासून पुढे खडकांत जास्त दिसतात. "वळणं जन्माला घातली" असं लिहू नका.

खडकासमोर उभं राहिल्यावरच्या चुका

वाळूच्या खडकाची चादर किलोमीटरभर पसरलेली दिसली की नदी किलोमीटरभर रुंद होती असं वाटतं. तसं नसतं, छोटी नदीही जागा बदलत बदलत तेवढी चादर अंथरू शकते, त्यामुळे चादरीची रुंदी आणि पात्राची रुंदी वेगळी मोजा. चादर दिसली की "ब्रेडेड" (वेणीसारख्या अनेक फाट्यांची नदी) असा शिक्का मारायच्या आधी मोठे तिरपे पृष्ठभाग शोधा आणि ते कुठल्या दिशेला उतरतात ते कंपासने घ्या, मग त्यांच्या आतल्या छोट्या क्रॉस-बेडिंगवरून (वाळूतल्या बारीक तिरप्या थरांवरून) प्रवाहाची दिशा काढा. दोन्ही दिशा साधारण काटकोनात असतील तर वाळूचा दांडा बाजूला वाढत होता, म्हणजे वळणाची शक्यता. दोन्ही एकाच दिशेला असतील तर दांडा प्रवाहाबरोबर पुढे सरकत होता. एकाच ठिकाणचं माप घेऊन निकाल देऊ नका, दहा-वीस तरी घ्या.

मुळांच्या खुणा आणि किड्यांची बिळं यांचाही गोंधळ होतो. मूळ खाली जाताना बारीक होत जातं आणि फाटे फुटतात, बिळाची जाडी बऱ्यापैकी सारखी राहते. आणि आत्ताच्या झुडपाचं मूळ जुन्या खडकाच्या फटीत शिरलेलं नाही ना, हे आधी बघा!

उलटं लॉजिकही टाळा, म्हणजे "ब्रेडेड आहे, म्हणजे वनस्पती नव्हत्या". ब्रह्मपुत्रा आज ब्रेडेड आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना हिरवळीची काही कमी नाही, कारण उतार, गाळाचं प्रमाण, पाण्याची चढउतार हे सगळं त्यात येतं. हो, दक्षिण आफ्रिकेच्या कारू खोऱ्यात साधारण २५.२ कोटी वर्षांपूर्वीच्या महाविनाशाच्या थरांपाशी नद्या वळणांकडून ब्रेडेडकडे गेल्याचं दिसलं आणि २००० साली त्याचा संबंध वनस्पती मरण्याशी जोडला गेला, पण तिथेही फक्त पात्राच्या आकारावर भागवलेलं नाही, जीवाश्मांवरून काळ जुळवून मग ते विधान केलंय.

आजचं वाळवंट बघून "वनस्पतींच्या आधी असंच होतं" म्हणणं हीसुद्धा तीच जात. वाळवंटात पाऊस नाही म्हणून झाडं नाहीत, तेव्हा मात्र धो धो पावसाच्या प्रदेशातही जमीन उघडी होती, आणि तशी जोडी आज सहसा सापडत नाही.

शेवटचं, ग्राफबद्दल. डेव्होनियनला (सिल्युरियननंतरचा काळ) मुळं आली की लोक गोष्ट थांबवतात, पण त्याच्या पुढच्या कार्बोनिफेरस काळात अजून एक टप्पा आहे, झाडांनी जखडलेली अरुंद, जागा न सोडणारी पात्रं आणि ओंडक्यांचे बांध. कॅनडातल्या जॉगिन्सच्या कड्यांत तर झाडांची खोडं गाळात उभीच्या उभी गाडली गेलेली दिसतात. आणि ७०४ फॉर्मेशन्सचा तो डेटा तीस कोटी वर्षांपाशी संपतो, त्यामुळे तीच रेघ हाताने आजपर्यंत ओढून त्यावर बाण काढू नका.