समुद्राकाठचा रिनोव्हेट केलेला फ्लॅट घेताय? टोकनआधी छत उघडून पाहा

रत्नागिरीच्या मांडवीसारख्या जुन्या वस्तीत सोसायटीतला रिनोव्हेट केलेला फ्लॅट विकायला निघाला, की जाहिरात पीओपीचं फॉल्स सीलिंग (स्लॅबखाली बसवलेलं दिखाऊ छत), मॉड्युलर किचन आणि नव्या टाइल्सभोवतीच फिरते. खाऱ्या वाऱ्यात तीस-पस्तीस वर्षं उभ्या असलेल्या इमारतीत या तिन्हींचा विचार सगळ्यात शेवटी करायचा. आधी स्लॅब, मग कागद, मग भाव.

फ्लॅट पाहायला जुलै-ऑगस्टमध्ये जा. मे महिन्यात रंगवलेली भिंत काही सांगत नाही. पश्चिमेकडच्या भिंतीवर, खिडकीच्या खालच्या कोपऱ्यांत हात फिरवा. चिऱ्याची (जांभ्या दगडाची) भिंत असेल तर ओल पाऊस थांबल्यावरही बरेच दिवस टिकते.

आता स्लॅब. लोक इथेच फसतात. समुद्राच्या हवेतलं मीठ काँक्रीटमध्ये मुरत जातं; बांधताना खाडीची वाळू न धुता वापरली असेल तर ते पहिल्या दिवसापासूनच आत असतं. सळई गंजते. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो, त्यामुळे काँक्रीट आतून फुटतं. आधी सळईच्या रेषेत सरळ तडा दिसतो, मग पोपडा सुटतो. बाल्कनी, छज्जे, बाथरूमवरची आणि गच्चीखालची स्लॅब यांचा नंबर पहिला.

घाईचं रिनोव्हेशन म्हणजे सुटलेले पोपडे काढायचे, सळईवर रेड ऑक्साइड (लोखंडाला लावायचा लाल रंग) फासायचा, वर सिमेंट थापायचं आणि खाली फॉल्स सीलिंग ठोकायचं. दोन-तीन पावसाळे छत स्वच्छ दिसतं. ‘पीओपी नवीन आहे, कशाला हात लावता?’ असं एजंट म्हणाला, तर हात लावायलाच हवा.

सीलिंगमधला दिवा उतरवा. त्या भोकातून टॉर्च आणि मोबाइलचा कॅमेरा वर घाला आणि चारही दिशांना व्हिडिओ काढा. ठरावीक अंतरावरच्या तपकिरी रेषा, उघडी सळई, वेगळ्या रंगाच्या प्लास्टरचे ठिगळ, हे शोधायचं. बाथरूममध्ये पाइपांसाठी ठेवलेल्या झडपेतूनही पाहा. मग हात पोचेल तिथे छोट्या हातोडीने ठोका. चांगलं काँक्रीट खणखणतं. आतून सुटलेलं पिकल्या फणसासारखं बद्द वाजतं. एकही भोक नसेल तर फूटभर चौकोन कापू द्या म्हणून सांगा आणि तो बुजवायचा खर्च तुम्ही द्या. मालक नाही म्हणाला तर टोकन देऊ नका, मग भाव कितीही कमी असो.

‘रिबाउंड हॅमर टेस्ट झाली आहे’ या वाक्यावर समाधान मानू नका. ती पृष्ठभागाचा कडकपणा मोजते, गंज नाही. गंजासाठी हाफ-सेल चाचणी मागा; तीत काँक्रीटवर इलेक्ट्रोड टेकवून आतल्या सळईचं विद्युत विभव मोजतात. कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडवर रीडिंग उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली असेल, तर तिथे गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांवर धरतात.

दुरुस्ती केली असं सांगितलं तर कामाच्या मधल्या टप्प्याचे फोटो मागा. सळईच्या मागे २०-२५ मिलिमीटर काँक्रीट काढलेलं, सळई चकचकीत घासलेली, जाडी बरीच घटली असेल तिथे नवी सळई जोडलेली आणि वर पॉलिमर मोर्टार किंवा मायक्रो काँक्रीट, असं दिसलं पाहिजे. तरीही एकाच ठिगळावर निर्धास्त होऊ नका. भोवतालचं खारं काँक्रीट तसंच राहिलं, तर गंज ठिगळाच्या कडेने पुन्हा सुरू होतो.

उंबऱ्यापाशी लादीची जाडी मोजा. जुन्या लादीवरच नवी बसवली असेल, तर पाच सेंटिमीटरच्या थराने दर चौरस मीटरला सुमारे १०० किलो वजन वाढलेलं असतं. बाथरूमची जाळी बंद करून दोन-तीन सेंटिमीटर पाणी ४८ तास साठवा आणि खालच्या फ्लॅटचं छत पाहून या.

सोसायटीकडून स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागा. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नमुना नियमांप्रमाणे) १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर तीन वर्षांनी व्हायला हवं. पावसाच्या पाण्याची गळती आणि त्यामुळे खराब झालेलं वरच्या मजल्याचं छत हा सोसायटीचा खर्च, पण सिंकिंग फंड (मोठ्या दुरुस्तीसाठीचा राखीव निधी) रिकामा असेल तर वर्गणी तुमच्याच दारी येते. म्हणून मागच्या तीन सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं वाचाच.

कागदांत शेअर सर्टिफिकेट, आधीचे सगळे नोंदणीकृत करार, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला व्यवहाराचा उतारा) आणि थकबाकी नसल्याचा दाखला लागतो. जमीन सोसायटीच्या नावावर आहे का ते मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) पाहा. नसेल तर पुनर्विकासाच्या वेळी तिथेच घोडं अडतं. मूळ सभासद वारला असेल तर नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. मुंबई-पुण्यातल्या भावंडांसकट सगळ्या वारसांच्या सह्या किंवा नोंदणीकृत हक्कसोड पत्र हवं. फ्लॅट नव्या सभासदाच्या नावावर करताना सोसायटी घेते ते हस्तांतरणाचं प्रीमियम अ वर्ग नगरपरिषदेत २०,००० रुपये, ब वर्गात १५,०००, क वर्गात १०,००० आणि ग्रामपंचायत हद्दीत ५,००० याच्यावर घेता येत नाही. ‘बिल्डिंग फंडाला देणगी’ म्हणून जास्त मागितलं तर देऊ नका.

टोकनच्या पावतीवरच लिहून घ्या: हाफ-सेल अहवाल वाईट आला किंवा एखाद्या वारसाने सही नाकारली, तर पूर्ण रक्कम पंधरा दिवसांत परत.