जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स मिंट कसं टाकायचं

विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मधे संपला, पण म्हणून चांगला चालणारा पीसी भंगारात देऊ नका, ४ जीबी रॅम असली तरी लिनक्स मिंट (विंडोजऐवजी वापरता येणारी ऑपरेटिंग सिस्टीम) मस्त चालतं आणि ते पूर्ण फुकट आहे. मशीन जुनं असेल तर मिंटचंच एक्सएफसीई नावाचं एडिशन घ्या, हलकं आहे.

सगळ्यात आधी फोटो, कागदपत्रं, टॅलीचा डेटा जे काय असेल ते बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा आणि उघडून बघा, नुसतं कॉपी झालं म्हणून सोडू नका.

मग मिंटच्या साइटवरून आयएसओ (इन्स्टॉलची फाइल) डाउनलोड करून रुफस नावाचं सॉफ्टवेअर वापरून ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर टाका (पेनड्राइव्हमधलं सगळं उडतं हं). पीसी रीस्टार्ट करून एफ१२, काहींत एफ९ किंवा एस्केप दाबत राहा, बूट मेनू (पीसी कशावरून सुरू करायचा ती यादी) येईल, तिथे पेनड्राइव्ह निवडा.

आता लगेच इन्स्टॉल करू नका. मिंट पेनड्राइव्हवरूनच चालतं, तेव्हा वायफाय, आवाज, प्रिंटर सगळं तपासून घ्या. पटलं की डेस्कटॉपवरच्या इन्स्टॉल आयकॉनवर क्लिक करा. विंडोज ठेवायचं असेल तर 'अलाँगसाइड'वालाच पर्याय घ्या, 'इरेज डिस्क' केलं की सगळं साफ. मल्टिमीडिया कोडेक्सला टिक करा, नाहीतर काही व्हिडिओ चालत नाहीत.

मराठी टायपिंगसाठी कीबोर्ड लेआउटमधे मराठी कागपा फोनेटिक (उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरं दाबून मराठी लिहायचा लेआउट) अॅड करा, वेगळं काही डाउनलोड करावं लागत नाही.